भिंतीवरची गोष्ट आणि उलटी रांग

पेंटरबाईंचा हात सोन्याचा, पण तोंड भारी फटकळ. आरोग्य खात्यात सत्तावीस वर्षं पोस्टर रंगवली, तरी "विषारी पदार्थ मुलांपासून दूर ठेवावेत" असलं काही लिहायला सांगितलं की त्यांचा पारा चढायचा.

"साहेब, हे वाचून तुम्ही तरी बाटली उचलून वर ठेवाल का? गोष्ट सांगा, माणूस थांबेल."

साहेब वैतागून म्हणाले, "एकदाच हं. फसलं तर पुन्हा गोष्टीचं नाव काढायचं नाही."

बाईंनी चार चित्रं काढली, अक्षर एकही नाही. हसतंखेळतं पोर, सरबताच्या बाटलीत भरलेलं फिनाईल तोंडाला लावणारं पोर, पोट धरून कळवळणारं पोर, शेवटी खाटेवर निपचित पडलेलं. दवाखान्याच्या लांबलचक भिंतीवर ती डावीकडून उजवीकडे लागली.

दुसऱ्या दिवशी बाई ऐटीत बघायला गेल्या. औषधाच्या रांगेतली एक आई कडेवरच्या लेकीला समजावत होती, "बघ, बाळ आजारी होतं. मग शहाण्यासारखं औषध प्यायलं आणि कसं टुणटुणीत झालं!"

बाईंनी वळून रांगेकडे पाहिलं. ती उजवीकडून डावीकडे सरकत होती, म्हणजे शेवटचं चित्र सगळ्यांना आधी दिसत होतं. अरे देवा, सगळ्या जगाचा विचार केला आणि रांगेचाच राहिला!

"अगं बाई, विष आहे ते!" म्हणत त्यांनी चारही चित्रं तिथेच टराटरा फाडली. रांगेतल्या एकेकीला गाठून खरी गोष्ट सांगितली, मगच ऑफिस गाठलं.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले.

"चूक माझी आहे, गोष्टीची नाही. दोन दिवस द्या." आवाज असा, की साहेब नाही म्हणूच शकले नाहीत.

या वेळी चित्र एकच. मोरीत बसलेलं पोर, शेजारी फिनाईलचा डबा, ओठांपासून बोटभर अंतरावर बाटली, आणि दारात पाठमोरी आई. कुठूनही या, गोष्ट तिथेच अडलेली.

चित्र लागलं त्या सकाळी साहेबही हजर होते. औषधाच्या खिडकीपासून तिसऱ्या नंबरवरची एक बाई चित्राकडे बघत राहिली आणि एकदम रांग सोडून पळत सुटली.

"अहो ताई, नंबर आला तुमचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घरी बाटली खालीच आहे!" ती दारातूनच म्हणाली.

पेंटरबाई पुढे झाल्या आणि तिच्या रिकाम्या जागी उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या, "तिचा नंबर गेला म्हणायचं नाही हं. ती येईपर्यंत मी आहे इथे."