प्रिंटरच्या करकरीवर कान

कोरीटच्या पाणीवापर संस्थेत नवनीत पाटील कारकून आहे. दहावीनंतर त्याची नजर गेली. तरी संस्थेचा सगळा पत्रव्यवहार तोच टाइप करतो, कारण त्याच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज आहे. हा आवाज मराठीच बोलतो, पण इतका भरधाव, की इतरांना कढईत मोहरी तडतडल्यासारखी वाटावी. नवनीतला त्यातला शब्द न् शब्द कळतो. कोणाच्या डोळ्यांवाचून आपलं अडत नाही, हा त्याचा ताठा.

मागे एकदा संगणकाची मूळ प्रणाली बदलून नवी टाकली, तेव्हा जुने प्रोग्रॅम उडाले आणि आवाजही गेला. नंदुरबारहून माणूस येऊन एकेक प्रोग्रॅम परत बसवेपर्यंत नवनीत मुक्या यंत्रासमोर हात बांधून बसून राहिला. त्या वेळी अध्यक्ष बन्सीलाल आबा चारचौघांत म्हणाले होते, "परत असं हुयनं तर या खुर्चीवर दुसरा माणूस बसाडसू. तू फोन उचलत जाय."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने खपून आज्ञांची एक फाइल तयार केली. प्रणाली बदलली की लागणारा प्रत्येक प्रोग्रॅम ती एकामागून एक आपोआप बसवणार होती. तिला नाव दिलं 'आवाज'. पण आवाजच नसताना काम चाललंय की अडलंय, हे कळणार कसं? शेजारच्या टेबलावर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पडून होता. एक प्रोग्रॅम बसला की त्यावर एक ओळ छापली जावी, अशी सोय त्याने फाइलीतच केली. करकर झाली की समजायचं, गाडी पुढे सरकली.

यंदा जुन्या प्रणालीला सुधारणा मिळणं थांबलं आणि ती बदलावीच लागली. नवनीतने हे काम सभेच्या नोटिसांच्या आधीच उरकायचं ठरवलं होतं, पण मध्येच वीज गेली आणि सगळं नेमकं नोटिसांच्या दिवसावर आलं. नोटिसा आज निघाल्या नाहीत तर सभा पुढे जाणार, आणि पाण्याच्या पाळ्या ठरणार नाहीत. सह्या करायला आबा दुपारी यायचे होते.

सकाळी नव्या प्रणालीवर संगणक चालू झाला, तो मुकाच. नवनीतने ठरलेल्या किल्ल्या दाबल्या, पासवर्ड घातला, फाइलीचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. पासवर्ड चुकला असेल? एखादं अक्षर सुटलं असेल? तेवढ्यात प्रिंटर करकरला.

"काय भाऊ, तुन्ही मैना आज बोलस नही?" शिपाई गोकुळ फडकं झटकत आत आला.

"बोली, जरासा येळ लागी. तू टेबल पुस, पन गडबड करू नको."

प्रिंटर पुन्हा करकरला. मग परत. नवनीत खुर्चीत सैलावला. आणि मग करकर थांबली. तो वाट पाहत राहिला. बाहेर मोटरसायकल येऊन थांबली. दुपारी यायचे ते आबा आत्ताच आले होते; त्यांचा खोकला त्याने लगेच ओळखला. ओट्यावर ते कोणाशी तरी बोलत उभे राहिले.

आजवर या खोलीत नवनीतने कोणालाही पडदा वाचायला सांगितलं नव्हतं. आता त्याने हाक मारली, "गोकुळ, पडदावर काय शे, पाहा बरं."

"निळा डबा शे. इंग्रजीमा दोन ओळी."

नवनीतच्या लक्षात आलं. प्रोग्रॅम विचारत होता, तुमची आवाजाची जुनी मांडणी ठेवू की नवी घालू? हा प्रश्न मध्येच येईल, हे फाइल लिहिताना त्याला सुचलं नव्हतं. नवी घातली तर त्याचा आवाज गेलाच. परत नंदुरबारचा माणूस आणि परत ते हात बांधून बसणं. जुनी मांडणी बहुधा आधीच निवडलेली असते. त्याने एंटरवर बोट ठेवलं.

"भाऊ, एक सांगू?" गोकुळ चाचरत म्हणाला. "लाल पट्टा खालना ओळवर होता. मी पुसता पुसता बटन दाबाई गयं. आते तो वरना ओळवर शे."

लाल पट्टा म्हणजे निवडलेली ओळ. नवनीतने चटका बसल्यासारखं बोट उचललं. "खालनी ओळ वाच."

"माले इंग्रजी कोठे येस?"

"अक्षरं तं येतस ना? पहिलं अक्षर कोणतं?"

"के. मंग ई, परत ई, मंग पी."

म्हणजे 'ठेवा'. नवनीतने खालचा बाण एकदाच दाबला. "आते?"

"आते खाले उना."

"नक्की?"

"पोऱ्यानी आण."

त्याने एंटर दाबलं. प्रिंटर गप्प. आबांच्या चपला उंबऱ्याशी वाजल्या. मग करकर झाली, परत झाली आणि एकदम मोहरी तडतडली.

"हाई काय बडबडी ऱ्हायनं?" आबा दारातच थबकले. "बिघडनं ना परत?"

"नही आबा," गोकुळ म्हणाला, "ते असंच बोलस."

नवनीतने नोटीस टाइप करून छापली आणि सहीच्या जागी कागदाला घडी घालून पुढे केली. आबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत वाचली.

"सही कोठे करू?"

"घडी घालेल शे तठे."

आबा सही करत असतानाच फोन वाजला. नवनीतचा हात सवयीने तिकडे वळला.

"तू टाइप कर," आबा मान वर न करता म्हणाले. "गोकुळ, फोन उचल."

"म्हणजे आते माले फोनवर बसाडं का, आबा?" म्हणत गोकुळने फडकं खांद्यावर टाकलं.