पुण्याचा बोगदा आणि भरिताचा निरोप

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या जळगावच्या ऑफिसातले चारही कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडले गेले, आणि माझ्या कॉम्प्युटरवर पुण्याच्या हेड ऑफिसशी बोलायला व्हीपीएन नावाचा एक खासगी बोगदा बसवला. मोडेम किंचाळायचं, फोन लागायचा, मग बोगदा सुरू. बसवणारा इंजिनिअर म्हणाला, "यातून जे जाईल ते वाटेत कुणाला वाचता येणार नाही." पुढंही तो बरंच बोलला, पण मी तेवढंच ऐकलं.

मला नेमकं तेच हवं होतं. हिवाळा लागला होता, भरीत पार्टी ठरवायची होती. मळा फैजपूरचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. आदल्या वर्षी पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना आम्ही तिथं नेलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी आणि मिरच्या भाजल्या जात होत्या, तोच साहेब खोकू लागले. पुण्याचा माणूस, तिखट काय सोसणार! आम्ही सगळ्या भरितात मिरची नावालाच घातली. आबांनी तो घास थुंकला.

"पुन्हा त्या सायेबाले आनशीन तं मळ्यात पाय ठेवू नको," ते म्हणाले. आबांचा शब्द म्हणजे शब्द. साहेबांना कळलं, तर तेही येणार, आणि आमचा हिवाळा गेला.

म्हणून मी बोगदा सुरू केला आणि पुण्यातल्या आमच्या जळगावकर मित्राला निरोप टाकला : 'शनिवारी भरीत. साहेबांना पत्ता लागू देऊ नकोस, नाहीतर पुन्हा ते बेचव गिळावं लागेल.'

क्षणात ऑफिसातल्या उरलेल्या तिन्ही कॉम्प्युटरवर टिंग, टिंग, टिंग झालं. तिसरं टिंग साहेबांच्या केबिनमधलं होतं.

इंजिनिअरचं उरलेलं बोलणं मला तेव्हा उमगलं. बोगद्यातून पुण्याच्या पत्त्याचं तेवढंच जातं. बोगदा सुरू म्हणजे सगळं पुण्यालाच जाणार असं धरून मी निरोप धाडला होता 'सगळ्या गटाला', आणि गट बसला होता त्याच ऑफिसात. पुण्याची बस सुटली म्हणून जळगावातल्या मेहरूणच्या रिक्षा बंद पडत नाहीत. मित्राला तर निरोप पोचलाच नाही.

साहेब बाहेर आले. माझी पाचावर धारण बसली.

"माझं आजोळ धुळ्याचं, देवपूरचं, तिखट खातच वाढलो," ते म्हणाले. "मला तेव्हा धुराचा ठसका लागला होता हो. तुम्ही ते असलं अळणी भरीत केलंत, आणि इतक्या प्रेमानं वाढलंत, की मी गुपचूप खाल्लं. घरी जाऊन मिरची चावली."

मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. यजमानांचं मन राखायला बिचाऱ्यानं तीन वेळा वाढून घेतलं होतं.

मी घाबरतच आबांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"म्हंजे पाहुना माह्या मळ्यातून तिखटाबिगर उपाशीच गेला?" आबांचा आवाज एकदम उतरला. "मंग आता एकट्याले नको आनू. त्याची बायको, पोरं, समद्याईले आन."