भाऊ-भाऊ थ्रेशरचा लोचा

जगातल्या कुठल्याही फाइलीत लोचा सापडणारच, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वडनेर भोलजीला हायवेला लागून त्यांचं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेटी, ट्रकच्या काचेवरची देवाची नावं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची पोराबाळांची नावं, दवाखान्याच्या दारावरचं 'चपला बाहेर काढा', हे सगळं ते रंगीत चिकट कागदातून मशीनवर कापून देतात. कापायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो गिऱ्हाइकाने आणलेली फाइल तपासायला, आणि तिथे साडभाऊंना घाई ठाऊक नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढे करतं. साडभाऊ तो आधी शर्टाच्या टोकाला पुसतात, कॉम्प्युटरला लावतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि फाइल अजून उघडायचीच असते तेव्हा म्हणतात, "याच्यात लोचा हाये."

आता पंचाईत अशी की लोचा असतोच. एकाने दुसऱ्याच्या गाडीवरचं नाव धावत्या मोटरसायकलवरून फोनमध्ये टिपून आणलं होतं आणि त्यात निम्मा स्वतःचा अंगठा होता. साडभाऊ त्याला शांतपणे समजावू लागले, "बावा, मशीनले फोटो नाही समजत, मशीनले रेघ समजते. याच्यात रेघ दाखव मले." त्या भल्या माणसाने फोटोची चौकट दाखवली. एकाने वाघ आणला, त्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा काढलेला. "हा कापला तर वाघ नाही, भुसा निघंन," असं म्हणून साडभाऊंनी तो वाघ आल्या पावली परत पाठवला. एकाच्या गाडीचं देवाचं नाव साडभाऊंच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर तिथे नुसते कंस आणि डॉलर. मूळचा मराठी फॉन्ट यांच्याकडे नव्हता, एवढीच भानगड. गिऱ्हाईक म्हणालं, "आमच्या गाडीवर हे नाही पायजे." साडभाऊ म्हणाले, "मंग आनलं काऊन?"

पण या सगळ्या रोगांत साडभाऊंच्या जिवाला लागलेला रोग एकच, तो म्हणजे वेल्ड. आपली मराठी अक्षरं डोक्यावरच्या रेघेने एकमेकांना धरून असतात, असं आपल्याला वाटतं. कॉम्प्युटरला तसं वाटत नाही. त्याच्या लेखी ती एकमेकांवर चढलेली सुटी अक्षरं, आणि मशीनचं पातं प्रत्येक जोडावर काप मारत जातं. मग नाव सोलून काढावं तर काना एकीकडे, अक्षर एकीकडे. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरं जोडून त्यांचा एकच आकार करायचा, याला साडभाऊ वेल्ड मारणं म्हणतात. हे पथ्य त्यांनी दुकानापुरतं ठेवलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे अक्षता मुठीत धरून स्टेजवरच्या पाटीकडे पाहत उभे. सावधान झालं, बँड वाजला, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साडभाऊ, 'विवाह'ले वेल्ड नाही मारला." पंगतीत जिलेबी आली तर तिचं टोक जुळलेलं नाही म्हणून बोटाने दाबून आधी जुळवली आणि मग खाल्ली. मेहुणीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "यायले घरी ठेवून याव लागत होतं."

हे वेड लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. मशीन नवं होतं आणि यांना वेल्ड हा शब्दही माहीत नव्हता, तेव्हा धामणगाव बढ्याचे दोघे सख्खे भाऊ नवं थ्रेशर घेऊन दारात आले. गावोगाव सोयाबीन काढून द्यायचा धंदा दोघांनी मिळून काढला होता. नाव ठरवून आले होते, 'भाऊ-भाऊ थ्रेशर'. साडभाऊंनी लालभडक रेडियम लावलं, कापलं आणि चिकटवायला घेतलं तर 'भाऊ'चे तीन तुकडे. भ वेगळा, काना वेगळा, ऊ वेगळा. पहिलंच मोठं काम आणि भर रस्त्यात शोभा! साडभाऊंना रडू यायचं बाकी होतं. थोरला भाऊ हसून म्हणाला, "राहू द्या ना काका, आमी जोडतो." मग एकाने दोरी ताणून धरली, दुसऱ्याने एकेक अक्षर तिच्या रेषेत चिकटवलं, आणि दोघं खुशीत निघून गेले. ते उपकार साडभाऊ विसरले नाहीत.

गेल्या वर्षी मी नांदुऱ्याहून सहज दुकानात जाऊन बसलो होतो. तो थोरला भाऊ आला. चेहरा ओढलेला. "काका, थ्रेशरवरचं भाऊ-भाऊ काढा," म्हणाला. "वाटे झाले आमचे. मशीन माह्याकडं आलं. माह्या एकट्याचं नाव टाका." नाव मलकापुरात कुणाकडून तरी तयार करून आणलं होतं. साडभाऊंनी पेनड्राइव्ह पुसला, चष्मा खाली घेतला आणि फाइल उघडली. मी वाट पाहत राहिलो. ते एकेक रेघ मोठी करून पाहत होते. रेघ कुठे तुटलेली नव्हती, माप बरोबर होतं, आणि वेल्ड असा मारला होता की जोड शोधून सापडू नये. ज्या फाइलीची या माणसाने आयुष्यभर वाट पाहिली ती अखेर समोर आली होती. आता हे पेढे मागवणार, असं मला वाटलं. साडभाऊंनी चष्मा काढला.

"याच्यात लोचा हाये."

"कुठी?"

"आतून हाये. वरून नाही दिसत. पुढच्या हप्त्यात या."

तो गेला. साडभाऊंनी लोचा म्हटल्यावर वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. तो वळताच मी विचारलं, "खरंच लोचा होता?"

"फाइल एकदम ओके हाये, साडभाऊ. लोचा गिऱ्हाइकात हाये," ते म्हणाले. "एकडाव हे नाव गावोगाव फिरलं का मंग दोघायले मागं नाही येता येत."

त्यानंतर त्यांनी त्या माणसाला जे फिरवलं त्याला तोड नाही. कधी लाल रेडियम संपलं, कधी पातं बोथट झालं, कधी फाइलीत व्हायरस शिरला. तो यायचा, चहा घ्यायचा, भावाला शिव्या द्यायचा आणि जायचा. आधी 'तो' म्हणायचा, पुढे 'आमचा लहाना' म्हणू लागला. शिव्या चालूच होत्या, पण साडभाऊंना तेवढ्यानेही धीर आला.

सोयाबीनचा हंगाम लागला. एका दुपारी दुकानासमोर थ्रेशर येऊन थांबलं आणि डोक्यात भुसा घेऊन धाकटा भाऊ उतरला. मी साडभाऊंकडे पाहिलं, ते थ्रेशरकडे पाहत होते.

"काका, एक ऊ उडाला. तेवढा कापून द्या."

"कोनं धाडलं तुले?"

"दादानं. थो पाहा, ट्रॅक्टरवर बसला. म्हने जुन्यावानीच पायजे."

साडभाऊंनी त्यांची ती पहिली फाइल शोधून काढली. सुटी अक्षरं, एकाही जोडाला वेल्ड नाही. त्यांनी तिला हात लावला नाही. नुसता ऊ निवडला, कापला आणि स्वतः बाहेर जाऊन दोरी ताणून चिकटवला. बाकीची अक्षरं उन्हाने गुलाबी पडली होती आणि हा एकटा लालभडक.

"रंग मिळून नाही राह्यला," धाकटा म्हणाला.

"ऊन लागू दे," साडभाऊ म्हणाले, "मिळते हळूहळू."

मलकापूरची ती निर्दोष फाइल अजून त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते ती उघडतात, जोड मोठे करून पाहतात, "काय फाइल होती, साडभाऊ!" म्हणून सुस्कारा सोडतात आणि बंद करतात. इतकी चांगली फाइल पुन्हा त्यांच्याकडे आली नाही. परवा मी तिथे असताना ते थ्रेशर हायवेवरून गेलं. ऊ अजूनही बाकीच्यांपेक्षा जरा लाल आहे आणि रेघेच्या थोडा खाली उतरला आहे, मलासुद्धा दिसलं. साडभाऊ दारात उभे राहून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत होते, आणि एका शब्दानेही लोचा म्हणाले नाहीत.