ताऱ्याचं सुतक

मेढ्याजवळच्या डोंगरावर आमची दुर्बीण होती आणि तिचा घुमट उघडायला फौजेतून निवृत्त झालेले एक काका. कुठं गॅमा किरणांचा स्फोट झाला, की उपग्रहाकडून मोबाईलवर संदेश यायचा. स्फोटामागं उरलेली चमक विझायच्या आत दुर्बीण तिकडं वळवावी लागे. असा स्फोट म्हणजे बहुधा एखाद्या ताऱ्याचं मरण, एवढं मी काकांना सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून मोबाईल वाजला की ते ताटातली भाकरी झाकून उठायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे. "चला. मातीला उशीर करू न्हाई."

काम संपलं की टाकीवर गार पाण्यानं आंघोळ, मगच ती भाकरी. भर थंडीतसुद्धा.

मी एकदा म्हणालो, "काका, तो तारा मरून अब्जावधी वर्षं झाली."

"आपल्याला कवा कळलं?"

"आत्ता."

"मग? सुतक ऐकल्यापासनं धरत्यात."

आता घुमट आपोआप उघडतो. काका त्यांच्या गावी असतात, मी साताऱ्यात घरी बसून फोनवर चित्रं बघतो. काल जेवताना संदेश आला. उठायचं काही कारण नव्हतं. तरी ताट झाकलं आणि न्हाणीकडं निघालो.

बायकोनं हातातला घास खाली ठेवला. "आवं, कोण गेलं?"