बांगलादेश उसाला गेला

शेजारी राष्ट्रांचं भवितव्य एकाच दोरीत ओवलेलं असतं, आणि सुरक्षा व पर्यावरण या दोन प्रश्नांवर एकत्र बसण्यावाचून या उपखंडाला गत्यंतर नाही. हे वाक्य माझं आहे. बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो, आणि आमच्या प्राचार्यांच्या भाषणांतली अशी वाक्यं बहुतेक माझीच असतात. हे वाक्य लिहिलं तेव्हा माझ्याकडे आठ देश होते. व्यासपीठावरून ते म्हणायची वेळ आली तेव्हा तीन उरले होते.

श्रावणात वरून पत्र आलं. जिल्हा पातळीवर स्पर्धा होती. आठ विद्यार्थ्यांचा गट करायचा, प्रत्येकानं एकेक शेजारी देश व्हायचं, परिषद भरवायची आणि शेवटी संयुक्त ठराव मांडायचा. स्पर्धा दिवाळीनंतर, बीडला. पत्र लिहिणाऱ्याला बीड जिल्हा कुठे आहे हे माहीत असावं; दसऱ्यानंतर तो जिल्ह्यात नसतो, हे माहीत नसावं. दसरा झाला की आमच्या गेवराई तालुक्यातल्या वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं राहतात. मला हे पाठ होतं. तरी गट निवडताना मी हुशारी पाहिली, वस्ती पाहिली नाही.

भारत प्राचार्यांनी स्वतः निवडला. तो आमच्या संस्थेच्या एका संचालकांचा मुलगा होता. पाकिस्तान व्हायला कुणीच तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि चकलांब्याहून एसटीनं येणाऱ्या एका मुखदुर्बळ पोराला ती निघाली. "सर, गावात कळलं तर?" एवढंच तो म्हणाला. गावात कळलं. दुसऱ्या आठवड्यात कंडक्टरही म्हणायला लागला, "काय बे पाकिस्तान, पास दाखव."

बांगलादेश एका मुलीकडे होता. बारावीत होती, गावाबाहेर ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीवरून चालत यायची. मी सरावाला पाणीवाटप समजावून सांगत होतो. नदी वरच्या देशातून खालच्या देशात येते, वरच्यानं पाणी अडवलं तर खालच्याचं नुकसान होतं, म्हणून करार करावा लागतो, वगैरे.

"पर वरचा करार कावून करंल, सर?" तिनं विचारलं. "आमच्या वस्तीच्या वर ओढ्याला मोटारीच मोटारी हायेत. त्यांना पाणी हाय. गरज आमाला हाय."

"मैत्रीखातर," भारत म्हणाला. हा शब्द मीच त्याला दिला होता.

"तुह्या बापाच्या चार मोटारी हायेत त्यातल्या," ती म्हणाली. "कर की मैत्री."

भारतानं बाटली उघडली आणि तो शांतपणे पाणी प्यायला. आंतरराष्ट्रीय संबंधांवर मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा सारांश त्या बाटलीत मावला असता.

तिनं भाषण स्वतः लिहून आणलं. पूर आला, पाणी आटलं, जमीन खचली की माणसं हद्द ओलांडतात. त्यांना घुसखोर म्हणायचं की पाहुणे, ते आधी ठरवा, मग सुरक्षेचं बोला, असं त्यात होतं. मी फक्त दोन स्वल्पविराम घातले. ते नसते घातले तरी चाललं असतं.

दसरा झाला. नेपाळ आणि भूतान हे चुलतभाऊ एकाच ट्रॅक्टरवर बसून गेले. मालदीव न सांगता गेला. अफगाणिस्ताननं निदान निरोप पाठवला. श्रीलंकेच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे श्रीलंका सुरक्षित. बांगलादेश अजून येत होता, पण सरावात लक्ष नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "आमची टोळी भाऊबीजेनंतर निघती, सर."

रविवारी दुपारी तिच्या वस्तीवर गेलो. वडील अंगणात कोयत्याला धार लावत होते. ताडपत्री, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, सगळं बांधून तयार होतं. मी म्हणालो, "भाऊ, पंधरा दिवस ठेवा हिला. बीडची परिषद झाली की जाऊ द्या."

"सर, कोयता म्हंजे दोन माणसं," ते म्हणाले. "एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. हिच्या आईची पिशवी काढली गेल्या साली. तिला वाकवत न्हाई. मी एकला म्हंजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत न्हाई."

"बारावीचं वर्ष आहे."

"हाय ना." ते धार पाहत राहिले. मग म्हणाले, "ती परिषद काय करती?"

"ठराव करते."

"मंग?"

"मग तो वर पाठवतात."

"वर म्हंजे कुठं?"

इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आला नव्हता. भिंतीला टेकून बसलेली तिची आई म्हणाली, "ठेवा की पोरीला. मास्तर उन्हातान्हाचे आलेत. तवर मी जाते हिच्या जागी. बांधीन मोळ्या."

"तू?" वडील म्हणाले. "तुला घागर उचलंना."

"पंधरा दिसानं काय मरते का मी? बोलू द्या तिला. बोलती चांगलं."

तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात परिषद होती, आणि परिषद डोक्यात असली की माणसाला समोरची कंबर दिसत नाही. आई वडिलांबरोबर टोळीत गेली. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं एसटीनं निघायचं आणि आईला मोकळं करायचं, असं ठरलं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी पत्र आलं. अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम दहा दिवस पुढे ढकलला होता. फोन करून विचारलं तेव्हा कारण कळलं: प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता.

मी वर्गाबाहेर बोलावून तिला सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले.

"दहा दिस न्हाई जमायचं, सर. आई तिथं मोळ्या बांधतीया."

"मी तुझ्या वडिलांशी फोनवर बोलतो."

"काय बोलता? ते थोडीच बांधायलेत तिच्या वाटच्या."

दप्तरातून भाषणाचे कागद काढून तिनं माझ्या हातात दिले. "पाकिस्तानला द्या. त्याला पाठ हाय. मी म्हणताना व्हट हलवायचा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली.

स्पर्धा झाली. ज्यांच्यासाठी तारीख बदलली होती ते पाहुणे आले, दीप लावला, पर्यावरणावर चार शब्द बोलले आणि चहा न घेता गेले. दारात त्यांच्या तीन गाड्या इंजिन चालू ठेवूनच उभ्या होत्या. प्राचार्यांनी माझं वाक्य म्हटलं. मग पाकिस्तान उठला आणि त्यानं आधी स्वतःचं, नंतर बांगलादेशचं भाषण म्हटलं. एका परीक्षकांचे डोळे पाणावले. एका राष्ट्रानं दुसऱ्या राष्ट्राची व्यथा मांडावी हाच या स्पर्धेचा हेतू होता, असं ते म्हणाले. बांगलादेश कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. पर्यावरणामुळे विस्थापित होणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण खंडित होऊ देणार नाही, असा ठराव भारतानं मांडला. श्रीलंकेनं अनुमोदन दिलं. आमचा दुसरा क्रमांक आला.

आठवड्यानं तिच्या वडिलांच्या मोबाइलवर फोन केला. टोळी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर होती. फोन तिनंच उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"पास झाला का ठराव, सर?"

"झाला. एकमतानं."

"त्यानं नीट म्हटलं का?"

"घुसखोर शब्दाला जरा अडखळला."

"अडखळंलच. बसमधी रोज ऐकतो बिचारा." ती हसली.

"आई परत आली का गावी?"

"न्हाई. मी आले त्याच्या आदल्या दिशी तिची कंबर धरली. पाचटाच्या कोपीतच पडून हाय. दवाखाना लांब हाय, आन् तोड सुरू हाय. तिचं बी मीच बघते."

मी माफी मागायला सुरुवात केली, पण गोंगाटात तिला ऐकू गेली नसावी. मग विचारलं, "पेपरला येशील ना? मी इथली सोय करतो."

"मी आले तर मोळ्या कोण बांधंल, सर?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मग तिकडून कुणीतरी तिला हाक मारली.

बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा असतो. तो फेब्रुवारीत झाला. कारखान्याचा हंगाम मार्चअखेर संपला.