केतकीच्या गाडीचा गिअरबॉक्स

"इट्स डन, फिल. गिअरबॉक्स गेला," डग म्हणाला आणि हेल्मेट काढून तिथेच टायरच्या ढिगावर बसला.

"गेला म्हणजे काय? नीट सांग. आधी आवाज आला का?"

"आधी घरघर. मग थर्ड पडेना. मग काहीच पडेना."

रविवारची सकाळ होती. चोवीस तासांची रेस शनिवारी दुपारी तीनला सुरू झालेली, म्हणजे संपायला अजून बराच वेळ होता. गाडी ढकलत पिटमध्ये आणली होती. पिट म्हणजे ट्रॅकला लागून असलेले गाळे, एकेका टीमला एकेक. मी गाडीखाली शिरले, ऑइलचा बोल्ट काढला आणि खाली ट्रे धरला. तेलाबरोबर लोखंडाचा चुरा आला, माशाच्या खवल्यांसारखा चकाकणारा. मागोमाग गिअरचा तुटका दात टण्णकन ट्रेमध्ये पडला. मग मला विचारण्यासारखं काही उरलं नाही.

मी फिलोमिना. माहेर वसईचं, आता घर कॅनडात, एटोबिकोला. ग्वेल्फच्या एका शॉपमध्ये गिअरबॉक्स उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा बांधायचे हे माझं काम. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेमका पोचवतो तो गिअरबॉक्स. तो गेला की इंजिन कितीही ओरडू दे, गाडी जागची हलत नाही. रेसच्या वीकेंडला मी डगच्या टीमची क्रू चीफ असते. म्हणजे गाडीला कोणी हात लावायचा, कधी लावायचा आणि कोणी अजिबात लावायचा नाही, हे मी ठरवते. माझा आवाज मोठा आहे, त्याचा तिथे उपयोग होतो.

मेलेला गिअरबॉक्स मीच बांधलेला होता. तुम्हाला सांगते, तो तुटका दात मी उचलून पुन्हा पुन्हा निरखत बसले. डगला ते दिसलं असावं. "तुझा दोष नाही, माझा हात चुकला," तो म्हणाला. घरघर सुरू व्हायच्या आधी चौथ्याऐवजी त्याने दुसरा टाकला होता. इंजिन किंचाळलं आणि दात गेले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गाडी होती तिथेच होती.

डगचं सांगायला हवं. साठी ओलांडलेला माणूस, ग्वेल्फला स्वतःचं बॉडी शॉप, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं. ही लाल जपानी हॅचबॅक त्याने स्वतः रेससाठी तयार केली. दर वर्षी ह्या रेसला आणायचा आणि दर वर्षी काहीतरी मोडायचं. कधी इंजिन, कधी चाक, एकदा तर चक्क हरीण आडवं आलं. निकालाच्या बोर्डावर त्याच्या नावापुढे कायम तीन अक्षरं: डीएनएफ. डिड नॉट फिनिश, शर्यत पुरी केली नाही. ह्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगून टाकलं होतं की पुढच्या सीझनचं रेसिंग लायसन्स विसरा. म्हणजे ही शेवटची. त्याला जिंकायचं नव्हतंच. एकदा, फक्त एकदा, शेवटची रेघ ओलांडायची होती.

"स्पेअर कुठंय?" टीममधल्या कोणीतरी विचारलं आणि सगळ्यांच्या माना शेजारच्या गाळ्याकडे वळल्या. कारण स्पेअर कुठे होता, ते सगळ्यांना माहीत होतं. तो शेजारच्या गाळ्यातल्या मॉन्ट्रियलच्या टीमच्या गाडीत बसून ट्रॅकवर धावत होता.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, पण आमच्यात रिवाज आहे. शेजारच्या टीमची गाडी मोडली आणि तुमच्याकडे पार्ट असला, तर द्यायचा. मग ती टीम तुमच्या पुढे असो, तुम्हाला हरवणारी असो. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ह्याच मॉडेलच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, त्यांचा ल्युक हात चोळत आला, डगने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली आणि गिअरबॉक्स दिला. आता तोच ल्युक धावत आला.

"फिल! आमची गाडी आत बोलावतो. तुमचा काढून घ्या. तू द स्वीत, लगेच!" घाईत तो फ्रेंचवर गेला.

मी डगकडे बघितलं. माणूस एक शब्द हो म्हणाला असता, तर काम झालं असतं. ल्युकची गाडी आमच्या क्लासमध्ये, म्हणजे आमच्या गटातल्या गाड्यांमध्ये, दुसरी होती, आणि त्यांनाही ह्या रेसमध्ये कधी काही मिळालं नव्हतं.

"नो," डग म्हणाला. "ती धावतेय. धावू दे." मग उठून मला म्हणाला, "मी ऑफिसात जाऊन सांगून येतो. रिटायर."

"खाली बस!" मी ओरडले. रिटायर म्हणजे आम्ही माघार घेतली असं अधिकाऱ्यांना कळवणं. ते एकदा कळवलं की खेळ खलास. पण नाही कळवलं तर नियम वेगळा आहे. आमच्या फेऱ्या रात्रभरात पुरेशा झाल्या होत्या. वेळ संपल्यावर गाडी स्वतःच्या इंजिनावर रेघेवरून गेली, मग ती मधे किती का वेळ उभी असेना, फिनिश धरतात.

"फिल, गिअरबॉक्स आकाशातून पडणार का?"

"ते मी बघते. तू सँडविच खा."

मी अनाउन्सरच्या केबिनमध्ये गेले आणि त्याला सांगितलं, असं असं आहे, माइकवर बोल. त्याने सगळ्या ट्रॅकभर सांगितलं: लाल हॅचबॅकला गिअरबॉक्स हवाय, ह्याच मॉडेलचा, मॅन्युअल, कोणाच्या ट्रकमध्ये स्पेअर पडलाय का? मनात म्हटलं, कॅनडात आता मॅन्युअल गाडी शोधायची म्हणजे कठीणच. सगळी दुनिया ऑटोमॅटिकवर गेलेली. तरी क्रूसाची खूण केली आणि गाळ्यात परत येऊन मेलेला गिअरबॉक्स उतरवायला घेतला. हातांना काम असलेलं बरं.

थोड्या वेळाने कुंपणापाशी ओळखीचा आवाज आला. "ताई! ओ फिलूताई! आमची आहे ना!"

मंगेश. मूळ नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. तो आणि त्याची बायको केतकी कॅनडात नवीन आले तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, तेव्हापासूनचा घरोबा. ह्या वेळी मीच दोघांना रेसला बोलावलं होतं. केतकी पुण्याची. शनिवारी सुरुवातीला अर्धा तास बघून तिने निकाल दिला होता, "ताई, ह्या गाड्या गोल गोल फिरतात. पुढे काय?"

मी तिला सांगितलं होतं की चोवीस तासांची रेस सिनेमासारखी एका जागी बसून बघायची नसते, जत्रेसारखी हिंडून बघायची. संध्याकाळी उतारावरच्या वळणाला जा, अंधार पडला की ब्रेकच्या डिस्क निखाऱ्यासारख्या लाल झालेल्या दिसतात. पिटच्या कुंपणाला नाक लावून टायर बदलताना बघ. कँपग्राउंडवर चक्कर मार, कोणीही अनोळखी माणूस बोलावून मक्याचं कणीस हातात देतो. मग झोप. पहाटे उठून बघ, गाड्यांना चिखल लागलेला असतो, हेडलाइट फुटलेले असतात, तरी त्या येतच असतात. ते बघायला लोक वर्षानुवर्षं येतात. सकाळी मला दिसली तेव्हा केतकीच्या हातात कणसाचा बुरखुंडा होता आणि चेहरा बराच नरमला होता.

आता ती मंगेशच्या मागे धापा टाकत आली. "आमची म्हणजे? माझी! मी चालवते ती रोज."

हे खरं होतं. गाडी घेताना मंगेशने हट्टाने मॅन्युअल घेतली होती. गिअर नसलेली गाडी म्हणजे इस्त्रीचं टेबल, असं त्याचं म्हणणं. आणि हायवेच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय दुखायचा तो केतकीचा. तेच मॉडेल, तेच इंजिन, आणि ती गाडी इथे प्रेक्षकांच्या पार्किंगमध्ये उभी.

"केतकी," मी म्हटलं, "तुझ्या गाडीचा गिअरबॉक्स काढून आमच्या गाडीत घालायचा आहे."

"आणि मी घरी कशी जाऊ?"

"मी सोडते. ग्वेल्फला नेऊन तुझी गाडी मी स्वतः नीट करून देते. ह्याच्यापेक्षा चांगला गिअरबॉक्स बांधून देते. माझा शब्द."

"ताई, तुमच्या शब्दाचं नाही. पण कशासाठी? तुम्ही पहिले येणार आहात का?"

"नाही गं. शेवटून पहिले."

मंगेश मधे पडला. "अवं केतकी, काहून विचारतेस एवढं? देऊन टाक ना!"

"तू गप्प बस. गाडी घेतानाही तूच बोलला होतास."

तिने डगकडे बघितलं. तो सँडविच हातात धरून बसला होता, खात नव्हता. ती त्याच्याजवळ गेली आणि सरळ इंग्लिशमध्ये विचारलं, हे तुमच्यासाठी एवढं महत्त्वाचं का आहे? डग काही मोठं बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "मॅम, मी ही रेस खूपदा सुरू केलीय."

केतकीने पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

पुढचं काम म्हणजे, अहाहा! मंगेशने गाडी आत आणली. डिकीत अजून विंटर टायर्स पडलेले, वर ग्रोसरीच्या पिशव्या. ल्युकची माणसं न बोलावता आली, त्यांनी सगळं उतरवलं आणि केतकीची गाडी जॅकवर चढवली. मी म्हटलं, ल्युक, तुमची गाडी धावतेय, तिकडे बघा. तो म्हणाला, "ती धावतेय तुझ्यामुळे. पाना दे."

वाटणी अशी केली: ल्युकची माणसं तिकडे चांगला गिअरबॉक्स काढणार, आमची माणसं इकडे मेलेला. दोन्हीकडे तेच. चाकाचे शाफ्ट उपसायचे, इंजिनाला खालून टेकू द्यायचा, जोडाचे बोल्ट सोडायचे आणि सगळं वजन हातावर झेलायचं. मी दोन्ही गाड्यांच्या मधे उभी राहून ओरडत होते. आमच्याकडचा एक बोल्ट गंजून बसला होता, काही केल्या हलेना. पान्याला लांब पाइप लावला, दोघे लोंबकळले, तेव्हा कर्रकन सुटला. गाळ्याच्या कुंपणाबाहेर टाळ्या पडल्या. मान वर केली तर ही गर्दी! अनाउन्सर अध्येमध्ये आमचीच बातमी देत होता आणि लोक स्टँड सोडून आम्हाला बघायला आले होते. पोरं बापांच्या खांद्यावर. जन्मभर गाड्यांखाली काम केलं, पण टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.

"हळू! हळू! आपटू नका माझा गिअरबॉक्स!" हे केतकी. पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला आल्यासारखी मागेपुढे करत होती.

घाईत काम बिघडतं, म्हणून मी कोणाला पळू दिलं नाही. चालायचं, पण थांबायचं नाही. गिअरबॉक्स इंजिनाच्या तोंडाशी नेला आणि तो बसेना. पुन्हा खाली घेतला. इंजिनाचा टेकू केसभर वर उचलला, पुन्हा नेला, मी तळवा लावून हलकेच डोलवला आणि तो सरकन आत गेला. ते असं सरकन जाणं ज्याला कळतं, त्याला माझं काम कळतं. बोल्ट, शाफ्ट, तेल. प्रत्येक बोल्ट मी स्वतः तपासला.

डग आत बसला. रात्रभर त्याच्याशी आलटूनपालटून चालवणारे बाकीचे ड्रायव्हर आपणहून मागे झाले होते. मी खिडकीतून डोकं आत घातलं. "ही बाईची ऑफिसची गाडी आहे असं समज. मारामारी नको."

"येस, बॉस."

फर्स्ट पडला. सेकंड पडला. गाडी पिटमधून बाहेर पडली आणि स्टँडमधून असा आवाज आला की मला वाटलं, कोणीतरी जिंकलं. शेवटच्या काही फेऱ्याच बाकी होत्या. मोठ्या गाड्या सूं सूं करत डगला मागे टाकत होत्या, तो बाजूला होऊन वाट देत होता. आणि प्रत्येक फेरीला तो समोरून गेला की माणसं उठून उभी राहायची. केतकी कुंपणावर चढली होती. पुण्याची बाई, भर ओंटारिओत, गळ्याच्या शिरा ताणून मराठीत ओरडत होती, "ए! आमचा गिअरबॉक्स! चल रे बाबा, चल!" शेजारच्या टोपीवाल्या गोऱ्याने मंगेशला अर्थ विचारला. पुढच्या फेरीला तो आणि त्याचं सगळं टोळकं ओरडत होतं, "आमचा गिअरबॉक्स!"

तीन वाजले. चौकटीचा झेंडा फडकला. पहिला गेला, दुसरे गेले, ल्युकची गाडी गेली. मग शेवटच्या वळणावरून लाल हॅचबॅक आली, सावकाश, आणि रेघ ओलांडून गेली. ट्रॅकच्या कोपऱ्याकोपऱ्यावरचे मार्शल आपापले सगळे झेंडे घेऊन बाहेर आले आणि हलवू लागले. मी रडले. उगाच डोळ्यात धूळ गेली वगैरे सांगत नाही, भोकाड पसरून रडले, आणि मला त्याचा अभिमान आहे.

केतकीने मला धरलं. "ताई, आपण शेवटचे ना? मग हे सगळे आपल्यासाठी का उभे?"

"तू का उभी आहेस?" मी विचारलं. तिने नाक पुसलं.

निकाल लागायला वेळ लागला. डग एकटाच बोर्डाकडे गेला. चष्मा लावून, बोट फिरवत, वरून खालपर्यंत सगळी यादी वाचली. मग परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"फिल," तो म्हणाला, "नुसतं नाव आहे. पुढे काही नाही."

त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी केतकीची गाडी शब्द दिल्याप्रमाणे बांधून दिली. तेव्हापासून शॉपमधली नवी मंडळी मला विचारतात की स्पेअर पार्ट उसना द्यावा का. मी सांगते, बेलाशक द्या. फक्त प्रेक्षकांच्या पार्किंगमध्ये काय काय उभं आहे, ते आधी एकदा बघून या.