आईकडची माणसं

अक्काचं दुखणं सुरुवातीचे बरेच महिने ॲसिडिटी म्हणूनच चाललं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जळगावात पिंप्राळ्याला दिलेली. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं होतं, घरात कोणाला पोटाचा कॅन्सर होता का. तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. त्यांच्या घरात कोणालाच नव्हता. अक्काला विचारलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं. लग्न झालेल्या बाईला घर म्हटलं की सासरच डोळ्यापुढे येतं.

पुढे दुर्बिणीने तपासल्यावर कॅन्सर निघाला. जठर काढलं, पण आजार बाहेर पसरलेला होता. ऑपरेशननंतर मी तिच्याकडे स्वयंपाकाला राहिले. तेव्हा एक दिवस धुळ्याहून एक डॉक्टर मुलगी आली. पोटाचा कॅन्सर कोणाला होतो, का होतो, याचा अभ्यास त्यांच्याकडे चालू होता. तिने आधी खाणंपिणं विचारलं, पाणी कुठलं, तंबाखू कोण खातं, पापड-लोणची किती. मग मोठा कागद पसरला आणि घरातल्या माणसांबद्दल विचारू लागली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

आबा खाटेवर मांडी घालून बसले आणि आजोबांपासून सुरू झाले.

"आमच्या घरात मानूस म्हातारपनानंच मरते. एक चुलता विहिरीत पडला, तेवढा सोडून."

मुलगी हसली. तिने विहिरीतल्या चुलत्याचाही चौकोन काढला. कागद अर्धा भरल्यावर म्हणाली, "आबा, आता ताईंच्या घरचं सांगा."

"मंग हे काय सांगून राह्यलो इतक्या वेळचा?"

"हे तुमचं झालं. ताईंच्या आईवडिलांचं?"

"ते असोद्याचे लोक. त्यायचा इथं काय संबंध?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. परक्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण मुलीने माझ्याकडेच पाहून विचारलं, "तुम्ही बहीण ना? आई आहे तुमची?"

"नाही. पोटानेच गेली."

"आईची भावंडं?"

"एक मामा होता. तोही पोटानेच."

"आणखी कोणी?"

"मामाची मुलगी. लग्न ठरलेलं होतं तिचं."

आबांनी अक्काकडे पाहिलं. "आजपर्यंत बोलली नही तू हे."

"कोणी विचारलंच नाही, आबा," अक्का म्हणाली.

लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या मरणाला वेगळं कारण दिलेलं होतं. आई फार उपास करायची, म्हणून तिचं पोट जळलं. मामा तंबाखू खायचा. मामाच्या मुलीला नजर लागली. तिघांना शेजारी शेजारी ठेवून कोणी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मुलीने सावकाश समजावून सांगितलं. बहुतेकांना हा आजार पोटातल्या जंतूंमुळे, तंबाखूमुळे, फार खारट खाण्यामुळे होतो. पण थोड्या घरांमध्ये तो जन्मापासून शरीरात आलेल्या एका दोषामुळे होतो. तो दोष आईत किंवा बापात असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. मुलगा काय, मुलगी काय, सारखंच. अक्काचं रक्त तपासलं तेव्हा तो दोष सापडला. आता आम्ही दोघं भावंडं राहिलो होतो, मी आणि भाऊ.

मला माझ्यापेक्षा भाऊची काळजी होती. असोद्याला आमची केळीची बाग तोच पाहतो. त्याच्या छातीत जळजळायचं आणि खिशात कायम सोड्याची पुडी असायची. त्याच्यात दोष असेल तर तो आत्ताच कळायला हवा होता. अक्काला उशिरा कळलं, त्याचं काय झालं ते मी रोज बघत होते.

मी गेले तेव्हा तो घडांना कागद गुंडाळत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईचं दुखनं पोरीले जाते. पोराले नही. मी बापाच्या घरचा मानूस."

"मामा पुरुषच होता ना?"

"मामा त्यायच्या घरचा होता. आमच्या घरात हाये का कोनाले? काकाले? आजाले?"

"डॉक्टरीण म्हणते, सारखंच जातं."

"डॉक्टरीण म्हनते, त तू जाय."

घरी आल्यावर वहिनी भाकरी थापताना त्याला म्हणाली, "जा ना बाप्पा. घरातला सोडा तरी वाचंल." त्याने खिशातली पुडी काढून पाण्यात टाकली.

मी म्हटलं, मला रक्त द्यायला धुळ्याला जायचंय, एकटीने जमत नाही, सोबत ये. ते काही सोंग नव्हतं. तेवढ्या मोठ्या दवाखान्यात खिडकीवर जाऊन बोलणं मला जमलं नसतं. सोबत यायला तो कधीच नाही म्हणत नाही. बसमध्ये मला खिडकीची जागा दिली आणि पारोळ्याला भजी खाल्ली.

तिथे माझं रक्त काढून झाल्यावर मुलगी त्याला म्हणाली, "दादा, आलाच आहात तर तुमचंही देऊन जा." त्याने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि बाही वर केली. बाईमाणसासमोर सुईला भ्यालो असं व्हायला नको, एवढंच बहुतेक त्याच्या मनात असेल.

काही आठवड्यांनी बोलावणं आलं. माझ्यात दोष नव्हता. माझ्या मुलांनाही माझ्याकडून तो जाणार नव्हता. भाऊमध्ये होता.

दुर्बिणीत त्याचं पोट साफ दिसलं. तो लगेच म्हणाला, "पहाय, काहीच नही." पण हा आजार गाठ न होता जठराच्या अस्तराखाली पसरतो, दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी जागोजागचे बारीक तुकडे काढले होते. त्यातल्या दोन जागी आजार निघाला. अगदी सुरुवातीचा, बाहेर न गेलेला. पूर्ण जठर काढलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी आपण वेळेत पोचलो.

शुद्धीवर आल्यावर भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "सोबत तुले आलो न् धरलं मले." वहिनी हसता हसता रडली.

त्याची मोठी मुलगी लग्न होऊन गेलेली आहे. तिच्या सासरी काय म्हणतील म्हणून वहिनी गप्प बसा म्हणत होती. भाऊने स्वतःच व्याह्यांना फोन केला, म्हणाला, पोरीचं रक्त तपासून घ्या, हे माझ्याकडून गेलेलं असू शकतं. पलीकडून काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. मुलीचं रक्त पुढच्या महिन्यात द्यायचं आहे.

अक्काची औषधं चालू आहेत. वजन उतरत चाललंय. भाऊ आठवड्यातून एकदा पिंप्राळ्याला येतो. दोघं शेजारी बसून दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने खातात, थांबून थांबून. काय पचतं, काय पचत नाही, गोड खाल्ल्यावर कसा घाम सुटतो, याच त्यांच्या गप्पा. आबा खाटेवरून ऐकत असतात. मला त्या गप्पांत बोलण्यासारखं काही नसतं. माझं पोट जागेवर आहे. ते दोघं उठले की मी माझं ताट आत घेऊन जाते आणि तिथे जेवते.